रविवारचे गाव, सोमवारचे गाव

शुक्रवारी सायंकाळी पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर क्षणभर उभे राहिले, तरी नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात स्थिरावलेल्या पिढीची मुळे कोठे आहेत ते कळते. सांगली, कोल्हापूर, फलटण, सोलापूर अशा पाट्यांच्या गाड्यांभोवती पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेली तरुण मंडळी दाटीने उभी असतात. रविवारी रात्री हीच मंडळी परततात, तेव्हा पिशवीत लोणच्याची बरणी, भडंगाची पुडी आणि आईने घडी करून दिलेले कपडे असतात. आमच्या परिचयातील एक वयोवृद्ध व्यापारी एकदा हसत म्हणाले होते, "पूर्वी मुली माहेरपणाला येत, आता मुलगेही माहेरपणालाच येतात." त्यांच्या हसण्यात कौतुक होते, तशी थोडी खंतही होती.

माहेरपणाला आलेल्या माणसाकडून कोणी कामाची अपेक्षा करीत नाही. त्याच्या आवडीचे पदार्थ होतात, त्याला उशिरापर्यंत झोपू दिले जाते आणि घरातील अडचणी त्याच्या कानावर घातल्या जात नाहीत. यात प्रेम आहे, हे निर्विवाद. परंतु वर्षानुवर्षे असेच येणे-जाणे होत राहिले, की घराचा मुलगा हळूहळू घराचा पाहुणा होतो. आपल्या व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. आपण ज्या दिवशी गावी असतो, नेमक्या त्याच दिवशी आपले गाव बंद असते.

आमच्या सांगलीचेच उदाहरण घ्यावे. रविवारी मार्केट यार्डात हळदीचे सौदे नसतात. दुकानांची शटरे खाली, हमालांचे अड्डे ओस, बँक बंद आणि आईचे नेहमीचे डॉक्टरही सुटीवर. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तर बँकेचे दार शनिवारीही उघडत नाही. म्हणजे शहरातून आलेल्या मुलाच्या मनात घरासाठी काही करण्याची कितीही इच्छा असली, तरी करण्याजोगे काम त्या दिवशी शिल्लकच नसते. तो जेवतो, विश्रांती घेतो, गप्पा मारतो आणि परततो. ज्या पेढीने त्याला वाढवले, शिकवले, ती पेढी त्याला आता केवळ खाली ओढलेल्या शटरच्या रूपातच दिसते.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही सांगलीला शुक्रवार ते मंगळवार असे गेलो. सोबत पुण्यात वाणिज्य शाखेच्या अखेरच्या वर्षात शिकणारी आमची कन्या होती. हळदीच्या नव्या हंगामाला नुकताच आरंभ झाला होता. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांचे दोन्ही चिरंजीव दूरच्या शहरांत नोकरीला. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, उभी केलेली अडत पेढी पुढे चालवावी की गोदाम भाड्याने देऊन निवृत्त व्हावे, हा प्रश्न गेली दोन वर्षे घरात घोळतो आहे.

निघण्याची वेळ आम्ही घरच्या रिवाजाला धरून ठरवली. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. दिवेलागणीनंतर तिची चूल बंद असते. कार्यालय सुटल्यावर सहा-साडेसहाला निघालेला माणूस रात्री अकराच्या सुमारास सांगलीत पोहोचतो. नातवंडे भुकेली आली, तर आजी स्वतः न खाता त्यांच्यासाठी पुन्हा चूल पेटवते, त्याबद्दल चकार शब्दही काढीत नाही आणि पहाटे नेहमीच्याच वेळी सामायिकाला बसते. म्हणून आम्ही दुपारी बारालाच पुणे सोडले. शिदोरीत दशम्या आणि कोरडी चटणी होती. खंबाटकीचा घाट, सातारा, कऱ्हाड मागे टाकून पेठ नाक्याला वळलो, तेव्हा ऊन कलू लागले होते. सूर्यास्तापूर्वी सगळ्यांची पाने एका पंक्तीत मांडली गेली. घरी येणाऱ्याने घराच्या घड्याळाप्रमाणे यावे, एवढे साधे पथ्य पाळले तरी भेटीचा अर्धा शीण वाचतो.

शनिवारी आईला घेऊन कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. सहलीचा बेत आखताना आपण बहुधा आपल्या शिणवट्याचा विचार करतो. घरात राहणाऱ्यांनाही घराबाहेर पडावेसे वाटत असेल, हे सहसा मनात येत नाही. आई गेले वर्षभर दवाखाना सोडून कोठेही गेली नव्हती. हातकणंगले तालुक्यातील या क्षेत्री समंतभद्र महाराजांनी ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. १९६३ मध्ये तेथे भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठापित झाली. शेजारच्या कुंभोज गावी १८८७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले, हे आईने नातीला आपणहून सांगितले. टेकडीवरील मंदिरांपर्यंत चढणे आईला शक्य नव्हते. ती खाली सावलीत बसली आणि आम्ही दर्शन घेऊन उतरेपर्यंत तिने कोल्हापूरहून आलेल्या दोन वृद्ध भगिनींशी ओळख करून घेतली होती. परतीच्या वाटेवर ती जितके बोलली, तितके गेल्या कित्येक महिन्यांत दूरध्वनीवर बोलली नव्हती.

रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर पेढीचा विषय निघाला. कन्येने अगदी सहज सांगितले, "अण्णा, मार्केटमधल्या गोदामाला चांगलं भाडं येईल. आता या वयात एवढी दगदग कशाला? वहिनीकाकूंना आणि आज्जीला घेऊन पुण्याला या ना." बोलण्यात आपुलकी होती आणि हिशेबही चुकीचा नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. वहिनींनी ताटे उचलली आणि विषय तेथेच राहिला. एवढेच बोलून आम्ही त्या रात्री परतलो असतो, तर पेढीविषयी घराने केलेला विचार तेवढाच राहिला असता.

सोमवारी सकाळी कन्या अण्णांबरोबर यार्डात गेली. आम्हीही मागोमाग पोहोचलो. यार्डाचे रूप ज्यांनी केवळ रविवारी पाहिले आहे, त्यांना ते ओळखू येणार नाही. पोत्यांच्या थप्प्या, हवेत भरलेला हळदीचा उग्र सुगंध, हमालांच्या हाका, खरेदीदारांचा घोळका. अण्णांनी एका पोत्यातून हळकुंड काढले, मधोमध मोडले आणि आतला केशरी रंग नातेवाइकाची ओळख करून द्यावी तशा आत्मीयतेने पुतणीला दाखवला. राजापुरी हळदीचे हळकुंड कसे ओळखावे, गड्डा वेगळा का काढतात, शिजवण्यात कसर राहिली तर मोडल्यावर ते कसे दिसते, पॉलिश अधिक झाले तर वजनात कोणाचे नुकसान होते, हे सारे त्यांनी पाच-सात मिनिटांत सांगितले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे तिने अभ्यासात वाचले होते. ते मानांकन ज्या हातांच्या कौशल्यावर उभे आहे, ते हात मात्र ती प्रथमच पाहत होती.

सौदे झाल्यावर पेढीवर हिशेबपट्ट्या लिहिल्या जाऊ लागल्या. एक वृद्ध शेतकरी आत आले. कन्येकडे निरखून पाहत त्यांनी विचारले, "आप्पांची नात व्हय तू?" ती उठून त्यांच्या पाया पडली. त्यांच्या नातवाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. खरेदीदाराकडून रक्कम येण्यास अवधी होता. अण्णांनी पट्टी पाहिली, तोलाई-हमाली वजा केली, पूर्वीची उचल वळती करून घेण्याचे पुढच्या मालावर ढकलले आणि पूर्ण रक्कम तिथल्या तिथे त्यांच्या स्वाधीन केली. ना आर्जव, ना उपकाराची भाषा. ते गृहस्थ पाणी प्याले, "येतो अण्णा" म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी अण्णा आम्हाला हरिपूरला घेऊन गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. तोंड अरुंद, पोट रुंद. आत ठेवलेली हळद दीर्घकाळ टिकत असे. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा उरत नाही, म्हणून तोंड उघडल्यावर बराच वेळ थांबूनच माणूस आत उतरे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, मोठी हानी झाली आणि व्यापाऱ्यांचा ओढा शीतगृहांकडे वाढला. त्यानंतर २०१९ आणि २०२१ मध्येही कृष्णेने सांगलीला वेढले. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. तो आकडा येथील प्रत्येक दुकानदाराला आपल्या खात्यातील शिल्लकेसारखा पाठ असतो. पेवे गेली, तरी व्यापार थांबला नाही, कारण शेतकरी आणि अडत्या यांच्यातील पत पुरात वाहून गेली नव्हती. हे वाक्य अण्णांचे नव्हे, आमचे; अण्णा इतके बोलत नाहीत. त्यांनी फक्त बुजलेल्या जागा दाखवल्या आणि कोणत्या पेवात कोणाचा माल असे, ते नावानिशी सांगितले.

परतताना कन्येने विचारले, "अण्णा, आपल्याकडे एकूण किती शेतकऱ्यांची खाती आहेत?"

"सव्वाशेच्या आसपास," अण्णा म्हणाले. "गोदाम भाड्यानं देता येईल गं. ही सव्वाशे माणसं कुठं नेऊ?"

रविवारी दुपारी अनुत्तरित राहिलेल्या बोलण्याला सोमवारी सायंकाळी मिळालेले हे उत्तर होते. यानंतर तिने पुण्याला येण्याचा आग्रह पुन्हा धरला नाही. त्याऐवजी खाती संगणकावर कशी घेता येतील, शेजारच्या पेढीतील विश्वासू तरुणाला भागीदारीत घेता येईल का, हंगामाचे चार महिने घरातील कोणाकोणाला पाळीपाळीने येता येईल, असे प्रश्न तिने काढले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. निर्णय हंगाम संपल्यावर घेऊ, असे ते म्हणाले. पेढी चालेल की बंद होईल, हे आजही निश्चित नाही. कदाचित बंद करणेच योग्य ठरेल. बासष्टाव्या वर्षी पहाटेपासून उभे राहणे सोपे नाही आणि वहिनींच्या गुडघेदुखीचाही विचार करायला हवा. परंतु आता हा विचार करणाऱ्यांनी पेढी उघडी असताना पाहिली आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही आईला तिच्या डॉक्टरांकडे नेले. औषधांच्या दोन गोळ्या एकाच कामाच्या असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि एक बंद झाली. बँकेत तिच्या ठेवीवरील वारसाचे नाव नोंदवायचे राहिले होते, तेही झाले. दोन्ही कामे मिळून दीड तासाची. रविवारच्या दहा फेऱ्यांत मात्र ती झाली नसती.

वाचकहो, प्रत्येकाला चार दिवसांची रजा मिळत नाही, याची जाणीव आहे. तरीही वर्षातून दोन वेळा तरी गावची भेट कामाच्या दिवसांना जोडून घ्यावी. जाण्यापूर्वी आपल्या सुट्यांचे कॅलेंडर पाहण्याआधी घरच्यांना विचारावे: हंगाम कधी आहे, डॉक्टरांची तारीख कोणती, कोणत्या दिवशी हातभाराची गरज पडेल? घरी पोहोचल्यावर एखादी पाळी स्वतःकडे घ्यावी. सकाळी दुकानाचे कुलूप उघडण्याची का असेना. मुलांना एकदा तरी गल्ल्याशेजारी दोन तास बसू द्यावे, हिशेबपट्टी वाचायला लावावी. ती पुढे व्यापारात येतील की नाही, हा त्यांचा प्रश्न. आपल्या शिक्षणाचा खर्च कोणत्या हातांनी, कोणाच्या विश्वासावर भागवला, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे.

आणि घराविषयी, दुकानाविषयी, वडीलधाऱ्यांच्या स्थलांतराविषयी काही ठरवायचे असेल, तर ते रविवारच्या जेवणानंतर ठरवू नये. सोमवारी दुपारपर्यंत थांबावे.