उत्तम शेरा आणि चौथा बाक



परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे. तिथं म्हणे दोन तट पडलेत. एकांना सीएमएमआयची पाचवी पातळी मिळवायची आहे, दुसऱ्यांना टेस्टिंगचा विभागच बंद करायचा आहे. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानंच तपासावा! "मामा, तुम्ही काय केलं असतं?"

मला कॉम्प्युटरमधलं ते काय कळणार, पण तपासणीत माझा जन्म गेलाय. साहेब येणार म्हटलं की आठ दिवस टाचणवह्या पूर्ण करायच्या, भिंतींना चुना, हुशार पोरं पुढं. शेरा 'उत्तम'. चौथ्या बाकावरच्याला भागाकार येत नसे, तो नसेच. ही पातळ्यांची पद्धत अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात, वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकारानं, तिथल्या संरक्षण खात्याला कंत्राटदार पारखता यावेत म्हणून निघाली. पद्धत वाईट नाही हो. पण प्रमाणपत्रासाठी राबवली की तिचा चुना होतो.

आणि दुसरा तट? स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा! लिहिताना जे गृहीत धरलं, तेच तपासतानाही गृहीत धरलं जातं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. एरियन ४ चा प्रोग्राम तसाच उचलला होता. नव्याचा वेग जास्त, आकडा ठरलेल्या जागेत मावेना. जुन्यावर चालत होतं ना, मग नव्या उड्डाणाच्या हिशोबानं कोणी तपासलंच नाही.

म्हणून मी म्हटलं, बाबा, रोज वही तपासा, शेजारच्याकडून तपासून घ्या, आणि शेवटी परका परीक्षक ठेवाच. वार्षिक परीक्षेवर सगळं सोडू नका. "मामा, खर्च वाढतो," म्हणाला.

खर्च वाढत नाही, फक्त दुसऱ्याच्या माथी जातो! आमच्या कनेरगाव नाक्यावर शेजारची पोरगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसली होती. शेवटची तारीख. बापाच्या नावातल्या टिंबावर फॉर्म अडकायचा, आणि चूक कुठं ते काही सांगायचा नाही. बापाची दिवसाची मजुरी बुडाली. तो खर्च कोणत्या कंपनीच्या वहीत लिहिलाय?

भाचा गप्प झाला. सोमवारी मीटिंग आहे म्हणाला. टेस्टिंगवाल्यांना बोलावलंय का, विचारलं. नव्हतं बोलावलं.