कॅडेटचे आसन, घरच्यांचे तारण

जोतिबा डोंगरावरच्या एखाद्या पुजाऱ्याच्या मुलीने बारावीनंतर पायलट व्हायचे म्हटले, तर घरात पहिला प्रश्न पैशाचा निघेल. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ तासाभराच्या आत गाठता येतो. तिथल्या विमानाच्या कॉकपिटपर्यंत पोहोचणे मात्र महाग आहे.

पूर्वी फ्लाइंग क्लबमध्ये 200 तास उडून व्यावसायिक परवाना काढायचा आणि मग विमान कंपनीच्या जाहिरातीची वाट पाहायची, अशी रीत होती. परवाना हाती असून घरी बसलेले तरुण त्यातूनच दिसू लागले. कॅडेट योजनेने हा क्रम उलटा केला. कंपनी आधी चाचणी घेऊन मुले निवडते, ठरलेल्या संस्थेत शिकायला पाठवते, आपल्या ताफ्यातल्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता, मिळवून देते आणि मग सहवैमानिक म्हणून रुजू करून घेते. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरील संस्थेत इंडिगोचे कॅडेट शिकले आहेत. अमरावतीजवळ बेलोऱ्याला वर्षाकाठी 180 वैमानिक घडवणारी शाळा एअर इंडियाने हाती घेतली आहे.

कंपन्यांची गरज खरी आहे. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. पण कॅडेट म्हणजे कॅप्टन नव्हे. कॅप्टनच्या परवान्याला किमान 1500 तासांचे उड्डाण लागते, म्हणजे आणखी काही वर्षे. नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. अशी तूट ऐनवेळी कॅडेट भरून काढू शकत नाहीत.

खरी खोच खर्चात आहे. तो कोटीच्या घरात जातो आणि बहुतेक वेळा कुटुंबच कर्ज काढून उचलते. नोकरीचे आश्वासन मात्र अटींसह मिळते. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, पुढच्याच वर्षी कोरोनाने भरती रोखली. धंद्याचा धोका कंपनीचा आणि तारण मात्र उसाच्या रानाचे, हा व्यवहार एकतर्फी आहे. शिवाय कंपनी आपलेच कॅडेट आधी घेणार, म्हटल्यावर स्वतंत्रपणे परवाना काढलेल्यांची संधी तेवढी आक्रसते.

इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची सोय केली, तो मार्ग रुंद करता येईल. बेलोऱ्याचा प्रकल्प महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या 30 वर्षांच्या कराराने उभा राहतो आहे. या सरकारी सोयीच्या बदल्यात काही जागा शिष्यवृत्तीच्या ठेवाव्यात आणि उरलेल्यांची फी नोकरी लागल्यावर पगारातून वळती करावी, असा आग्रह राज्य सरकारने आताच धरावा.