जन्मपत्रिकेतील आरंभीची शिल्लक

विवाहाची बोलणी सुरू झाली की व्यापारी कुटुंबांत दोन कागद समोरासमोर ठेवले जातात : मुलाची पत्रिका आणि मुलीची पत्रिका. घराणे, शिक्षण, स्वभाव हे सारे जुळलेले असते. तरीही ‘गुण पुरेसे नाहीत’ अथवा ‘मंगळ आहे’ एवढ्यावर बोलणी थांबतात. समोरच्याचा ताळेबंद तपासल्यावाचून जो गृहस्थ उधारी देत नाही, तोच येथे मात्र कागदावरील आकडा कोठून आला हे विचारीत नाही. वास्तविक पत्रिका ही मुळात हिशेबाचीच मांडणी आहे. आरंभीची शिल्लक चुकली, तर पुढील प्रत्येक बेरीज बिनचूक असूनही अखेरचा आकडा चुकीचाच निघतो.

पत्रिकेसाठी तीन नोंदी लागतात : जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश. त्यांवरून दोन गोष्टी काढावयाच्या असतात. त्या क्षणी सूर्य, चंद्र व ग्रह कोणत्या अंशावर होते, आणि पूर्व क्षितिजावर कोणती राशी उगवत होती. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो. त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या चुकीने तो फारसा सरकत नाही. लग्नाचे तसे नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे क्षितिजावरील अंश सरासरी दर ४ मिनिटांनी बदलतो, नवमांश सुमारे १३ मिनिटांत आणि लग्नराशी सुमारे २ तासांत बदलते.

ग्रहांचे अंश अचूक मिळावेत यासाठी आपल्याकडे दीर्घकाळ परिश्रम झाले आहेत. जैन आचार्य महेंद्र सूरी यांनी १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आकाशस्थ ज्योतींचा वेध घेऊन वेळ व लग्न काढण्याच्या यंत्राचे त्यात विवेचन आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहून पंचांगाचे गणित सुलभ केले. परंतु शतके लोटली तशी त्या गणितातून येणारी ग्रहस्थाने आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. पुढे लोकमान्य टिळक व व्यंकटेश बापूजी केतकर यांनीही पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, असाच आग्रह धरला.

आज ही अडचण जवळजवळ संपली आहे. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी रडार, अवकाशयाने आणि चंद्रावरील आरशांवरून परतणारे लेसर किरण यांच्या मोजमापांवरून ग्रहस्थितीची कोष्टके तयार करते. त्यांवर आधारित ‘स्विस एफेमेरिस’ ही गणनप्रणाली अनेक ज्योतिषविषयक सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाते. म्हणजे ग्रहांचे मूळ अंश आता विश्वासार्ह आहेत. चूक उरते ती दोन ठिकाणी : घड्याळात आणि अयनांशात.

प्रथम घड्याळ. ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली. तथापि मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत प्रचारात होती. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. आता २० जून १९४४ रोजी पुण्यात घड्याळी सव्वाआठला झालेला जन्म विचारात घ्यावा. आजच्या प्रमाणवेळेनुसार तो सव्वासातचा जन्म होय आणि लग्न मिथुन येते. युद्धकालीन तास वजा करावयाचा राहिला, तर तेच लग्न कर्क होते. बाराही स्थाने एका घराने सरकतात. सातव्यातील मंगळ सहाव्यात जाऊन दोष नाहीसा होतो, किंवा नवव्यातील मंगळ आठव्यात येऊन नसलेला दोष उभा राहतो. ग्रह मात्र आकाशात होते तेथेच असतात.

हा केवळ आजोबांच्या पिढीचा प्रश्न नव्हे. हिऱ्याच्या व्यापारानिमित्त अँटवर्प येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांतील नातवंडांची पत्रिका करतानाही तो उद्भवतो. तेथील घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेतीन तास. अक्षांशाचाही परिणाम मोठा आहे. मुंबईत प्रत्येक लग्न साधारणतः दीड ते सव्वादोन तास टिकते. अँटवर्पला मीन लग्न तासाभराच्या आत संपते आणि कन्या लग्न सुमारे पावणेतीन तास चालते. त्यामुळे मुंबईची लग्नकोष्टके तेथे उपयोगी पडत नाहीत.

दुसरी बाब अयनांशाची. वसंतसंपात दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत सुमारे एक अंश. नक्षत्रचक्राचा आरंभबिंदू त्यापासून किती दूर मानावा, याबद्दल मतभेद आहेत. टिळक पंचांग रेवती तारा आधारभूत मानते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्ष स्वीकारला आणि २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा अयनांश निश्चित केला. दोन्ही पक्षांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असल्याने दर दहा जणांपैकी साधारणतः तिघांचे नक्षत्र पंचांग बदलताच बदलते. नक्षत्र बदलले की गुण बदलतात आणि दशाही सरकतात. शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेत तर ही तफावत ६ वर्षांची होते. मुलाची पत्रिका एका पक्षाने आणि मुलीची दुसऱ्या पक्षाने केलेली असेल, तर त्यांचे गुणमेलन म्हणजे दोन भिन्न चलनांतील रकमांची थेट बेरीज होय.

म्हणून पत्रिकेच्या शिरोभागी चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : जन्मवेळ रुग्णालयाच्या नोंदीतील की घरच्या आठवणीतील, ती कोणत्या घड्याळाची, स्थळाचे अक्षांश-रेखांश कोणते आणि अयनांश कोणता. वेळ अंदाजाची असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. अंदाजाची रक्कम कोणी पक्क्या वहीत लिहीत नाही. दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीने पुन्हा मांडून घेण्यास फारसा वेळ लागत नाही.

गणित अचूक असले म्हणून फलित खरे ठरते, असे मात्र नाही. खगोलशास्त्र ग्रह कोठे होता एवढेच सांगते. त्याचा मनुष्याच्या संसाराशी काय संबंध, हे सांगत नाही. ते मानावे की न मानावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु जे मानतात त्यांच्यावरही एक जबाबदारी येते. नकार कळविल्यावर मुलीच्या घरी काय घडते हे प्रत्येक कुटुंब जाणते. तो नकार एखाद्या वजा न केलेल्या तासाचा तर नाही ना, एवढे तपासून पाहणे हा किमान न्याय होय.