फराळाच्या दिवसांतले वाचन आणि टपालाची एक अट

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस मराठी घरात सर्वांत धांदलीचे असतात. घराची झाडलोट, फराळाचे डबे, परगावी शिकणाऱ्या मुलांचे येणे, पाहुण्यांची वर्दळ, गावी जाण्याच्या आरक्षणाची चिंता, हे सारे एकाच वेळी अंगावर येते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या वाट्याला त्यात सुट्ट्यांचे गणितही येते. केंद्र सरकारच्या कार्यालयांना दिवाळीची हक्काची सुट्टी एकाच दिवसाची. भाऊबीज साजरी करायची, तर वर्षाकाठी मिळणाऱ्या दोन ऐच्छिक सुट्ट्यांपैकी एक तिच्यासाठी राखून ठेवावी लागते.

अशा धांदलीत वाचन कसले, असा प्रश्न कुणी अमराठी सहकाऱ्याने विचारला, तर त्याला सांगण्यासारखे उत्तर आपल्याकडे आहे. याच धांदलीच्या काळासाठी मराठी समाजाने वाचनाची एक स्वतंत्र संस्था उभी केली आणि ती शतकाहून अधिक काळ चालवली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक हा फराळाइतकाच सणाचा भाग झाला आहे.

ही संस्था टिकली, त्याचे एक कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज दिसावे. सणाच्या दिवसांत गृहस्थाला सलग तीन तास मिळत नाहीत. मिळतात ते वीस-वीस मिनिटांचे तुकडे. चकलीचा घाणा निथळेपर्यंत एक, पाहुणे उठून दुसरे येईपर्यंत एक, दुपारी सारे घर पेंगत असताना एक. कथा, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, व्यंगचित्रांचे पान आणि शेवटी राशिभविष्य ही दिवाळी अंकाची मांडणी त्या तुकड्यांच्या मापाने बेतल्यासारखी आहे. शिवाय एकच अंक घरातील चार माणसे चार ठिकाणी खुणा घालून वाचू शकतात. कादंबरीच्या बाबतीत अशाने भांडणे होतात.

आमच्या के. आर. पुरमसारख्या उपनगरात या सुखाला थोडी स्थानिक चव आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा दुवा जोडला गेला आणि येथून मॅजेस्टिकपर्यंत मेट्रोने एकाच गाडीत जाता येऊ लागले. बसायला जागा मिळाली, तर एक दीर्घ कथा त्यात बसते. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मी अशाच प्रवासात टप्प्याटप्प्याने वाचली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. धरणामुळे उठलेले गाव, नव्या जागी न रुजलेली माणसे आणि मागे राहिलेली म्हैस हा तिचा विषय. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला. पण कायद्याच्या तक्त्यात जमीन, घर आणि रक्कम यांना जसे रकाने असतात, तसा मागे राहिलेल्या जनावराच्या ओढीला नसतो. प्रशासनात काम करणाऱ्याने ललित साहित्य का वाचावे, याचे इतके स्वच्छ उत्तर मला अलीकडे दुसरे मिळाले नाही.

त्याच्या जोडीला बानू मुश्ताक यांच्या कथा वाचल्या. मूळ कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला २०२५ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. ज्या राज्याचे पाणी पितो, त्याचे साहित्य लंडनमार्गे इंग्रजीतून आपल्यापर्यंत पोहोचावे, हे आपल्यासारख्या परप्रांतीय वाचकांनी मनाला लावून घेण्यासारखे आहे. थकलेल्या रात्री मात्र दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधला चालू महिन्याचा लेख काढावा. चार पाने वाचून दिवा मालवता येतो.

आता मुद्द्याकडे वळतो. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला पुस्तके आणि अंक मिळतात कसे? मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत; बंगळुरूचे गांधीनगरात आहे. पण के. आर. पुरम किंवा व्हाइटफील्डच्या वाचकाला सणाच्या आठवड्यात तिथवर जाऊन येणे म्हणजे अर्धा दिवस. काही अंक नातेवाइकांच्या सामानातून, लाडवांच्या डब्याखाली दबून येतात. उरलेल्यांसाठी टपाल आणि कुरिअर. ज्यांची बदली लहान गावात किंवा दूरच्या राज्यात झालेली असते, त्यांना बहुधा टपालाचाच आधार.

टपाल खात्याने पुस्तकांना स्वस्त दर देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत सवलतीची सेवा १८ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांत आणि वाचकांत साहजिकच अस्वस्थता पसरली. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली. तिचे श्रेय द्यायलाच हवे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा तिचा दर आहे. वाहतूक जमिनीवरून होते आणि पुडके कुठे आहे याचा माग काढता येतो.

अडचण पात्रतेच्या अटीत आहे. व्यापारी स्वरूपाची प्रकाशने, नियतकालिके आणि किरकोळ सूचना किंवा पुस्तकांच्या याद्या वगळता जाहिराती असलेली प्रकाशने यांना ज्ञान पोस्ट लागू नाही. दिवाळी अंक या चाळणीत दोनदा अडकतो. तो वर्षातून एकदा निघतो, म्हणून नियतकालिक. आणि त्यात सराफ, सहकारी बँका व मसालेवाल्यांच्या जाहिराती असतात, म्हणून अपात्र. 'किशोर' मासिक १९७१ पासून राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ मुलांसाठी काढते. अटीचे शब्द पाहिले, तर त्याचा दिवाळी अंकही नियतकालिक म्हणून बाहेरच राहतो.

अट विक्षिप्त आहे, असे मी म्हणणार नाही. सवलतीचा दर म्हणजे कुणीतरी भरलेली तूट. ती मालाच्या सूचीपत्रकांवर खर्च होऊ नये, ही काळजी रास्त आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या 'मीडिया मेल' या सवलतीतही जाहिरातींना अशीच बंदी आहे. मात्र तेथे नियतकालिकांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. आपल्या १८९८ च्या टपाल कायद्यातही वृत्तपत्रांसाठी सवलतीचा वेगळा वर्ग होता, पण त्यासाठी अंक ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघता कामा नये, अशी अट होती. वार्षिक अंक तिथेही बसत नव्हता. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. जुन्या चौकटी पुन्हा तपासून पाहण्यासाठी हीच वेळ योग्य आहे.

सरकारचेच दुसरे एक खाते या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहते. वस्तू व सेवा कराच्या वर्गीकरणात वृत्तपत्रे आणि नियतकालिके 'जाहिरातींचा मजकूर असो वा नसो' अशा स्पष्ट शब्दांत एका वर्गात येतात आणि त्यांच्यावरचा कर शून्य आहे. जाहिरातीमुळे वाचनीय मजकूर व्यापारी ठरत नाही, हे करप्रशासनाने मान्य केले आहे. टपालाने ते का मानू नये? दिवाळी अंकातील जाहिरात लेखकाचे मानधन आणि कागदाचा खर्च काही अंशी उचलते. ती नसती, तर अंकाची किंमत वाढली असती किंवा अंकच निघाला नसता. वाचक अंक घेतो तो कथेसाठी. सराफाची जाहिरात त्याच्या घरी फुकटच येते.

हा केवळ मराठी वाचकांचा गाऱ्हाणेवजा प्रश्न नाही. बंगाली घरांत दुर्गापूजेच्या सुमारास पूजावार्षिकी येतात. कन्नडमध्ये 'प्रजावाणी'सारखी दैनिके दीपावली विशेषांक काढतात आणि त्यासाठी कथास्पर्धा घेतात. सणाशी बांधलेले वार्षिक साहित्य ही भारतीय भाषांची एक समान रीत आहे. नोकरीसाठी घर सोडलेल्या बंगाली माणसालाही नेमकी हीच अडचण येत असणार.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, टपाल खात्याचा तोटा वाढेल. परंतु ज्ञान पोस्ट जमिनीवरून जाते आणि तिला घाई नसते. दिवाळी अंक तर संक्रांतीपर्यंत वाचले जातात. दुसरा आक्षेप, आता सारे पडद्यावर वाचता येते. तरुणांसाठी ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण घरातली ऐंशीची आजी आणि मराठी अक्षरे नुकती जुळवू लागलेला नातू यांना कागदच जवळचा. मराठी शाळा नसलेल्या शहरात घरातला छापील कागद हीच मुलाची मराठी शाळा असते.

मग करावे काय? मी टपाल खात्यात नाही आणि हे मत सर्वस्वी व्यक्तिगत आहे. तरीही तीन सूचना व्यवहार्य वाटतात. एक, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेतील वार्षिक साहित्यिक विशेषांक ज्ञान पोस्टला पात्र ठरवावा; जाहिरातींची पाने एकूण पानांच्या ठरावीक हिश्शापेक्षा अधिक नसल्याचे प्रकाशकाने श्रेयनामावलीच्या पानावर छापावे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला पाने मोजत बसावे लागू नये. दोन, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या वाचून झालेल्या अंकांना जाहिरातींची अट लावू नये. त्यात कुणाचाच व्यापार नसतो. तीन, ही मुभा आधी केवळ सप्टेंबर ते जानेवारी अशा एका हंगामापुरती द्यावी. प्रत्येक पुडक्याची नोंद संगणकावर होतच असते. हंगाम संपल्यावर किती पुडकी गेली, कुठे गेली आणि तूट किती आली, हे पाहून पुढचा निर्णय करावा.

तोवर वाचकांच्या हाती काय आहे? मंडळांनी आपापल्या उपनगरांत अंकांची फिरती पेटी सुरू करावी. एका इमारतीतील पाच घरांनी पाच निरनिराळे अंक घेतले आणि आठवड्याने बदलले, तर प्रत्येकाला एका अंकाच्या खर्चात पाच वाचायला मिळतात. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. टपालाच्या अटीसाठी मात्र ती आहे, आणि असे परिपत्रक काढायला एक पान पुरते.