एकलव्याच्या अंगठ्याचा रिमेक

जुन्या टीव्ही मालिकांचे सिनेमे करायचा धंदा जोरात आहे. त्यातही अवकाशयानांच्या, भविष्यकाळाच्या मालिकांचे. भांडवलदाराला नवी गोष्ट सुचत नाही असं नव्हे. ती खपेल याची त्याला खात्री नसते. जुन्या गोष्टीचं गिऱ्हाईक तयार असतं. तो गिऱ्हाइकाला त्याचंच बालपण तिकीट लावून पुन्हा विकतो.

मोर्चे, खटले, अत्याचार सोडून हा विषय कशाला, असं काही साथी विचारतील. भाकरीचं बोल, म्हणतील. भाकरीचंच बोलतोय. भूतकाळातून पोथ्यापुराणवाल्यांनी आपल्याला कधीच खोडलं. आता भविष्यकाळाचा सातबारा लिहिला जातोय. त्यावर आपलं नाव आहे का, हे आजच बघायला पाहिजे. उद्या तलाठ्याच्या नावानं बोंबलून उपयोग नाही.

सुरुवात अमेरिकेपासून. ८ सप्टेंबर १९६६ ला तिथं 'स्टार ट्रेक' सुरू झाली. पुढच्याच महिन्यात ऑकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्याच नावावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे रस्त्यावर काळा माणूस पोलिसाच्या बंदुकीसमोर छाती काढून उभा होता, आणि टीव्हीवर एक काळी बाई यानाच्या मुख्य दालनात अधिकारी म्हणून बसली होती. लेफ्टनंट उहुरा. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, असं त्या स्वतः अनेकदा सांगत. किंगना त्या खुर्चीची किंमत कळली होती. भविष्यात काळा माणूस आहे, आणि त्याच्या हातात झाडू नाही, एवढं ती खुर्ची सांगत होती. पुढं १९७७ पासून निकोल्सबाईंनी नासासाठी बायका आणि काळे उमेदवार पुढं आणले. १९९२ ला मे जेमिसन ही पहिली काळी अमेरिकन स्त्री अवकाशात गेली. लहानपणी उहुराला बघत होते, असं तीही सांगते. पडद्यावरची खुर्ची अशी जमिनीवर उतरते.

त्याच मालिकेत एक भारतीयही होता. १९६७ च्या एका भागात आलेला खान नूनियन सिंग. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं त्यात म्हटलंय. आणि हा इसम कोण? निवडून पैदास करून घडवलेला, जन्मानंच श्रेष्ठ, म्हणून जगावर राज्य करायला निघालेला! त्यांना भविष्यातला भारतीय सुचला तो असा. २०१३ ला 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' आला. त्यात हा खान झाला बेनेडिक्ट कम्बरबॅच, गोरा इंग्रज. सावळ्याची भूमिका गोऱ्यानं खाल्ली म्हणून ओरड झाली. ओरड रास्त आहे. माझं भांडण त्याच्याही पुढचं आहे. जन्मानं श्रेष्ठ असल्याचा दावा करणारा गोरा असो की सावळा, त्याचा रिमेक आपल्या गावात रोज चालू असतो. त्याला अवकाशयान लागत नाही.

आता घरी या. १९९७ ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली, २००५ पर्यंत चालली. फेब्रुवारी २०२२ ला सोनी पिक्चर्सनं तिच्यावर सिनेमा काढायची घोषणा केली. शक्तिमानचं माणसातलं नाव ध्यानात घ्या. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. त्याची ताकद प्रयोगशाळेतून येत नाही, कारखान्यातून येत नाही. ती येते कुंडलिनीतून, सात चक्रांतून, सूर्यांशी पंथाच्या कृपेतून. प्रयोगशाळेतला डॉक्टर जॅकाल मात्र दुष्ट. शास्त्री हीरो, शास्त्रज्ञ व्हिलन! आपल्या वस्त्यांतली पोरंही त्याच्यासारख्या गिरक्या घेत होती. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या एकीत देवानं अवतार घेतला हे मानणार नाही, असं स्पष्ट आहे. ती प्रतिज्ञा आईबाप म्हणत होते आणि पोरगं टीव्हीपुढं अवताराची वाट बघत होतं. नव्या सिनेमात उडण्याची करामत झकास होईल, शंका नाही. आडनाव बदलतं का, तेवढं मला बघायचंय.

या पडद्यापासून नंदुरबार किती लांब? १९९८ ला दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' अंतराळात हिंडत होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्हा फोडून नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत इथले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित केली, ती इथल्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. सिनेमात शहर बुडतं तेव्हा प्रेक्षक श्वास रोखतात. मणिबेली बुडाली तेव्हा कुणाचा श्वास अडकला?

आणि याच जिल्ह्यात खरीखुरी विज्ञानकथा घडली. २९ सप्टेंबर २०१० ला टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले. देशातला पहिला आधार क्रमांक इथल्या एका बाईच्या हाती दिला गेला. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळं, बारा आकडे. जुन्या परग्रहपटात दार उघडायला बुबुळ दाखवतात ना, तेच. मलबार हिलच्या आधी ते टेंभलीत आलं. पुढं बातमीदार अधूनमधून त्या गावी जातात आणि गरिबी जागच्या जागी असल्याचं लिहून परत येतात. भविष्यकाळ आला, फोटो काढला, निघून गेला.

आता अंगठ्याचं बघा. उसतोडीला गुजरातेत जाणारा भिल्ल, खडी फोडणारी बाई, गोदीत गोणी उचलणारा माझ्यासारखा माणूस, सगळ्यांच्या बोटांच्या रेघा कामानं झिजतात. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा तिसऱ्या खेपेला लागतो, कधी लागतच नाही. बसून खाणाऱ्याच्या रेघा शाबूत असतात. म्हणजे ज्यानं जास्त राबावं, त्यालाच यंत्रानं जास्त वेळा विचारावं, तू नक्की तूच का? द्रोणानं एकलव्याचा अंगठा विद्येच्या बदल्यात मागितला, आणि विद्या त्यानं दिलीच नव्हती. आता अंगठा धान्याच्या बदल्यात मागतात, आणि धान्य आपल्या हक्काचंच असतं. गोष्ट तीच, सेट नवा. याला रिमेक म्हणतात.

मी यंत्राचा वैरी नाही. मधला दलाल उडवून माणसाच्या हाती त्याचा हक्क ठेवणारं यंत्र आलं, तर मी ते खांद्यावर घेऊन नाचेन. सवाल पटकथा कोण लिहितो हा आहे. शहाद्याचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' कवितेत हाच सवाल उभा केला. व्यासपीठावर दुसरे, आणि दुःख आमचं. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखं विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात तो गेला. त्याची पुस्तकं लिहायचीच राहिली. मूळ लिहिलंच गेलं नाही, त्याचा रिमेक कोणता स्टुडिओ काढणार?

म्हणून दोस्तांनो, त्यांच्या रिमेकमध्ये आपल्यासाठी एखादी भूमिका द्या, असा अर्ज मी करणार नाही. निकोल्सबाईंची खुर्ची मोठीच होती, पण ती दुसऱ्यानं लिहिलेल्या गोष्टीतली खुर्ची होती. आपली गोष्ट आपण लिहू. पावरी बोलीत लिहा, भिलोरीत लिहा, झोपडपट्टीच्या मराठीत लिहा. त्यांनी कधी न विचारलेले सवाल विचारा. अवकाशयानात संडास कोण साफ करतं? मंगळावर पाणवठा एक असेल की दोन? तिथंही चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागेल का? बुडालेल्या गावातली माणसं कोणत्या ग्रहावर पुनर्वसनाचे कागद घेऊन रांगेत उभी आहेत?

पुढच्या अंकाची पानं यासाठी मोकळी ठेवली आहेत. भाषा शुद्ध नको, हिशेब शुद्ध पाहिजे. अंगठा आपल्याच हाताला आहे. त्यात पेन धरा.

जयभीम.