मानसिक आरोग्याच्या धड्यात जात कुठे आहे?

शाळेत मानसिक आरोग्याचे शिक्षण हवे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमच्या वस्त्यांत तर ते आधी हवे. मनाच्या आजाराला तिथे अजून 'येडेपणा' म्हणतात आणि वयात येणाऱ्या पोरांना बोलायला जागा नसते. पण या शिक्षणात जातीचे नाव का येत नाही, हा आमचा सवाल आहे.

२०२० साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी हे धडे घ्यायचे आहेत. परीक्षेचा ताण, राग, मोबाइल यांवर बोलणे सोपे. पण भर वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचताना 'सरकारचे जावई' म्हणणारा शिक्षकच धडा घ्यायला उभा राहिला, तर आठवीतली आपली मुलगी त्याच्यापाशी मन मोकळे करील काय?

मुलांना सांगतात, सकारात्मक राहा, श्वासाकडे लक्ष द्या. आनापान आम्हालाही प्रिय आहे. पण तथागतांनी दुःखासोबत दुःखाचे कारणही सांगितले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव गोणपाटावर वेगळे बसत. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. तिथे त्या मुलाचे विचार बदलायचे होते की शाळा? रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी गेल्यावर उच्च शिक्षणातल्या जातीयतेवर चर्चा झाली. तिची मुळे शाळेच्या बाकावर आहेत, हे कोण बोलणार?

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक नेमायला सांगितले; वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असेही बजावले.

मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीला जमतो तसे शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीलाही जमूया. सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तिथे लेखी मागूया: पात्र समुपदेशक नेमा, त्याच्यापाशी बोललेले गुप्त ठेवा, जातीय अपमान हा धड्याचा विषय करा, आणि शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचणे बंद करा.

सहन करायला आपल्या पोरांना कुणी शिकवायची गरज नाही. अपमान करणाऱ्यांना शिकवा.

जय भीम!