आठवण ठेवणारा धातू आणि मोडलेले हाड

मोडलेले हाड जोडण्याचे काम निसर्गच करतो. त्याची दोन्ही टोके योग्य जागी आणि एकमेकांस भिडलेली राहतील एवढी व्यवस्था शस्त्रवैद्याने करावयाची असते. त्यासाठी पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या, स्क्रू व सळ्या वापरतात. स्क्रूने आणलेला दाब आरंभी चांगला असतो. परंतु भंगाच्या कडेचे हाड किंचित झिजले की तो उतरतो.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा धातू म्हणजे निटिनॉल होय. निकेल व टायटॅनियम यांच्या अणूंची संख्या जवळजवळ सारखी असलेला हा मिश्रधातू विल्यम ब्यूलर व त्यांचे सहकारी यांनी 1960 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र-प्रयोगशाळेत अभ्यासिला. दोन्ही धातू आणि ती प्रयोगशाळा यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. थंड स्थितीत वाकविलेली त्याची तार तापविली असता आपल्या मूळ आकारास परत येते.

या गुणाचा उपयोग स्टेपलमध्ये करतात. कागदाच्या पिनेसारखा दिसणारा हा दोन पायांचा तुकडा भट्टीत पाय आत झुकलेल्या स्थितीत घडवितात. मग थंड करून पाय सरळ करावयाचे आणि हाडात पाडलेल्या छिद्रांत बसवावयाचे. शरीराच्या 37 अंश उष्णतेने पाय आत वळू पाहतात, आणि हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात. काही स्टेपल थंड करावेच लागत नाहीत. उपकरणाने ताणून धरलेले पाय सोडताच ते आवळतात. हाड थोडे झिजले तरी पाय त्याच्यामागोमाग सरकतात व दाब टिकतो. शिवाय हा धातू पोलादापेक्षा पुष्कळच लवचीक असल्यामुळे हाडाचा सारा भार स्वतःकडे ओढून घेत नाही.

तथापि हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. हात-पायांच्या लहान हाडांत आणि पावलाचे सांधे कायमचे जोडताना तो शोभतो. मांडीच्या हाडास नुसता स्टेपल पुरणार नाही. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक निकेल असते. म्हणून पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर निर्दोष हवा, आणि निकेलची बाधा होणाऱ्या रुग्णाची आधी चौकशी हवी.

खरा प्रश्न मात्र हा धातू कोणाला मिळणार, हा आहे. लखनौतील वृंदावन योजना या वसाहतीत संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे अपघात-चिकित्सा केंद्र आहे. त्याच वसाहतीत फेब्रुवारी 2020 मध्ये संरक्षण सामग्रीचे 'डेफएक्स्पो' हे मोठे प्रदर्शन भरले होते. हा शेजार सूचक आहे. कारण भारतात स्मृतिधातूची विद्या विमानाच्या निमित्ताने वाढली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'तेजस' विमानातील द्रवदाबाच्या नळ्या जोडण्यासाठी निकेल, टायटॅनियम व लोह यांच्या मिश्रधातूच्या आकसणाऱ्या जोडनळ्या तयार केल्या. हे काम सोपे नाही. निकेलचे प्रमाण टक्क्याच्या दहाव्या हिश्शाने वाढले तरी धातूचे रूप पालटण्याचे तापमान सुमारे 10 अंशांनी उतरू शकते. विमानासाठी असा काटेकोरपणा साधणाऱ्या देशाला तो हाडासाठी असाध्य असण्याचे कारण नाही.

2017 मध्ये केंद्र शासनाने हृदयाचे स्टेंट व गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तो उपाय योग्यच होता. परंतु किमतीस कमाल मर्यादा घातल्याने निर्मितीची विद्या हाती येत नाही. सार्वजनिक प्रयोगशाळांनी वैद्यकीय दर्जाची, तपासून प्रमाणित केलेली तार देशी उत्पादकांस पुरवावी. सार्वजनिक रुग्णालयांनी स्टेपल आणि नेहमीच्या पट्ट्या-स्क्रू यांचे परिणाम निःपक्षपातीपणे तोलून, नोंदी ठेवून, मगच निवड करावी. विक्रेत्याचा शब्द हा पुरावा नव्हे, आणि केवळ नवेपणा हा गुण नव्हे.

हातावर पोट असलेल्या माणसाचे हाड जुळले नाही, तर दुसरी शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची बुडालेली मजुरी त्याच्या घराला सोसावी लागते. विमानाची नळी गळू नये म्हणून जी दक्षता राष्ट्राने घेतली, तिचा वाटा या माणसालाही मिळाला पाहिजे.